जीवशास्त्र घेतलं म्हणून गणित का सोडायचं?

बारावीनंतर थेट कॉम्प्युटेशनल बायोलॉजीत, म्हणजे गणित आणि संगणकाच्या आधारानं करायच्या जीवशास्त्रात, पदवी घ्यावी का, हा प्रश्न आता कोल्हापुरातही विचारला जाऊ लागला आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर या तिघांना मिळालं. प्रथिनांची रचना संगणकावर ओळखणं आणि नवी प्रथिनं घडवणं हे त्यांचं काम. तेव्हापासून तर या विचारणेला चांगलाच जोर आला. नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळण्याएवढे मार्क पडले नाहीत, बीएएमएसकडं मन वळत नाही, खासगी फार्मसीची फी झेपत नाही, अशा वेळी कुणीतरी या विषयाचं नाव सुचवतं आणि पालक मुलीला घेऊन येतात, "सर, याला स्कोप कसा आहे?"

माझं म्हणणं सरळ आहे. विषय उत्तम आहे, त्याची गरज वाढतच जाणार आहे आणि कोल्हापूरच्या मुलामुलींनी त्यात जरूर जावं. पण ज्यांना जीवशास्त्राची मनापासून ओढ आहे, त्यांची तिकडं जायची वाट आपण अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच अडवून ठेवतो. त्यांना गणित सोडायला लावतो. ते गणित त्यांना परत मिळवून द्यायची सोय केल्याशिवाय बीएस्सीच्या माहितीपुस्तकात एक नवीन नाव वाढवलं, तर त्याचा मुलांना काही उपयोग व्हायचा नाही.

विषय काल-परवाचा नाही. १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठल्या कोनांत तिचे अणू एकमेकांवर आदळतात, याचा हिशेब मांडला. तो आलेख आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत रामचंद्रन यांच्याच नावानं छापला जातो. ते मूळचे भौतिकशास्त्राचे. दोनच वर्षांनी अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी तोवर माहीत झालेल्या ६५ प्रथिनांचे क्रम (साखळीत कुठल्या घटकानंतर कुठला येतो ते) एकत्र करून प्रसिद्ध केले. १९९० ते २००३ या काळात माणसाच्या जीनोममधल्या, म्हणजे डीएनएच्या संपूर्ण संचातल्या, तीन अब्ज अक्षरांपैकी बहुतेक सगळी वाचून झाली. आणि २०२२ मध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीनं २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज सगळ्यांसाठी खुले केले. एवढ्या माहितीतून अर्थ काढायचा तर गणित लागतं, संख्याशास्त्र लागतं, प्रोग्रॅमिंग लागतं, आणि या सगळ्याच्या आधी पेशीत काय चाललेलं असतं याची समज लागते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असाव्या लागतात. खरी अडचण इथंच आहे.

आपल्याकडं अकरावीला काय होतं बघा. नीटला गणिताचा पेपर नाही. सीईटीतही पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) असे दोन वेगळे गट. त्यामुळं मुलगी जीवशास्त्रात चांगली आहे असं दिसलं की घरचे, क्लासवाले आणि कॉलेजातलेही एकाच सुरात सांगतात, "मॅथ्स सोड, तेवढा वेळ बायोला दे." चारही विषय ठेवायला नियमाची आडकाठी नाही, पण ठेवणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. दुसरीकडं ज्याला संगणकाची आवड आहे तो बायफोकलला, म्हणजे व्यवसायाकडं नेणारा विषय म्हणून, कॉम्प्युटर सायन्स घेतो. दोनशे मार्कांच्या त्या विषयासाठी दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, आणि सुटणारा ऐच्छिक विषय बहुतेक वेळा जीवशास्त्र असतो. म्हणजे सोळाव्या वर्षी एकीचं गणित गेलं आणि दुसऱ्याचं जीवशास्त्र. पाचेक वर्षांनी हे दोघं एमएस्सी बायोइन्फर्मॅटिक्सच्या (जैविक माहितीचं संगणकावर विश्लेषण करायच्या विषयाच्या) वर्गात शेजारी बसतात, तेव्हा शिक्षकाला अर्ध्या वर्गासाठी लॉगॅरिदम आणि अर्ध्या वर्गासाठी पेशीविभाजन पहिल्यापासून घ्यावं लागतं. एमएस्सीची दोन वर्षं त्यातच सरतात.

गणित नसेल तर नेमकं काय अडतं, ते एका उदाहरणानं दाखवतो. समजा, एका रोगाच्या काही रुग्णांच्या आणि तेवढ्याच निरोगी माणसांच्या पेशींत कुठलं जनुक किती काम करतंय हे मोजलं. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. प्रत्येक जनुकापुढं तोच प्रश्न: दोन गटांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा? बीएस्सीत पाठ करून घेतलेला नियम असा, की पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आली की फरक 'सिग्निफिकंट', म्हणजे दखल घेण्याजोगा. आता असं धरून चला, की त्या रोगाचा यातल्या एकाही जनुकाशी काडीचा संबंध नाही. तरीसुद्धा २०,००० चाचण्यांपैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे १,००० चाचण्या निव्वळ योगायोगानं 'सिग्निफिकंट' निघतील. सॉफ्टवेअर त्या हजार नावांची यादी देखण्या रंगीत आलेखासकट हातात देईल. मुलगी त्यातली वरची दहा नावं घेईल, "ही जनुकं या रोगाला कारणीभूत असू शकतात" असं प्रकल्पात लिहील, बाहेरून आलेले परीक्षक मार्क देतील, आणि त्या दहांतलं एकही खरं नसेल.

याला उपाय आहेत. सगळ्यात साधा म्हणजे ०.०५ ला चाचण्यांच्या संख्येनं भागायचं. मग मर्यादा ०.०००००२५ वर येते. पण ही चाळण इतकी बारीक होते की खरी जनुकंही निसटतात. म्हणून बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये सुचवलेली पद्धत वापरतात. तिच्यात यादीतली किती टक्के नावं खोटी निघाली तर चालतील, हे आधी ठरवायचं असतं. हे समजायला फार उंच गणित लागत नाही. संभाव्यता म्हणजे काय हे मनात पक्कं बसलेलं असावं लागतं, आणि पीसीबीच्या मुलीला ते बसवायची संधीच आपण दिलेली नसते.

माहिती हाताळण्याची शिस्तही अशीच. एक्सेलच्या रकान्यात 'सेप्ट-टू' हे जनुकाचं नाव टाकलं की त्याची परस्पर २ सप्टेंबर ही तारीख होऊन बसायची. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे घोटाळे सापडले. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं त्या जनुकांचीच नावं बदलली. मोठमोठ्या प्रयोगशाळांची ही गत, आणि आपल्या बहुतेक बीएस्सीच्या मुलांना एक्सेलपलीकडं काही दाखवलेलंच नसतं.

जीवशास्त्राला गणिताचं वावडं आहे, ही समजूत आपल्या प्रवेशाच्या पद्धतीनं पसरवली. आधुनिक संख्याशास्त्राचा मोठा भाग तर शेतात जन्मला. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि खतांच्या, वाणांच्या चाचण्यांचा हिशेब लावता लावता त्यांनी प्रयोगाची आखणी कशी करावी याचं शास्त्रच उभं केलं. उसाच्या नव्या वाणांच्या चाचण्यांसाठी आज प्लॉट पाडतात, ते त्याच विचारावर. बारावीच्या जीवशास्त्रात हार्डी-वाइनबर्गचा नियम असतो. त्यातले हार्डी पक्के गणिती होते आणि १९०८ सालचा तो नियम म्हणजे शाळेत केलेला दोन पदांच्या बेरजेचा वर्ग. आमची मुलं तो पाठ करतात, कारण बीजगणित तोवर 'दुसऱ्या ग्रुपचं' झालेलं असतं. माधव गाडगीळ पुण्यात जीवशास्त्र शिकले आणि पुढं हार्वर्डमध्ये त्यांनी गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट केली. सह्याद्रीबद्दल ते ज्या अधिकारानं बोलले, त्यामागं रानातली पायपीट होती तसं ते गणितही होतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. सरळ कॉम्प्युटर सायन्स किंवा गणितात पदवी करा, जीवशास्त्र मागाहून वाचून येतं, उलटं मात्र जमत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. या क्षेत्रातले कितीतरी नावाजलेले लोक गणित-भौतिकशास्त्रातून आलेले आहेत हेही खरं. ज्याला गणितात रस आहे त्यानं खुशाल तो रस्ता धरावा. पण जीवशास्त्र नुसतं वाचून येतं, हे मला पटत नाही.

आपल्या उसाचंच घ्या. शेतातला आजचा ऊस वेगवेगळ्या जातींच्या संकरातून आलेला. त्याच्या पेशीत शंभराहून जास्त गुणसूत्रं, एकेकाच्या आठ-दहा प्रती, सगळं मिळून सुमारे दहा अब्ज अक्षरं. आर-५७० या वाणाचा सविस्तर जीनोम प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं, एवढी ती गुंतागुंत आहे. माणसाच्या जीनोमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम साधारणपणे प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती धरून चालतो. तो उसाच्या माहितीवर जसाच्या तसा चालवला, तर उत्तर येतं पण चुकीचं येतं. कोडमध्ये चूक नसतेच, त्यामुळं कोड कितीही वेळा वाचलं तरी ती सापडत नाही. ज्याला उसाचं कूळ ठाऊक आहे, त्यालाच "हे असं कसं?" अशी शंका येते. ती शंका येणं हेच या विषयातलं निम्मं काम आहे. जीवशास्त्राची ओढ असलेल्या मुलांना या क्षेत्राबाहेर ठेवण्यात म्हणूनच मोठं नुकसान आहे.

आता पदवी कुठली घ्यावी? पहिल्या पदवीवर कॉम्प्युटेशनल बायोलॉजी हे नाव असलंच पाहिजे, असं मी मानत नाही. मानवी जीनोमचा गाजावाजा झाला त्या काळात, २००० च्या आसपास आणि नंतर, देशभर बायोइन्फर्मॅटिक्सच्या कोर्सेसची लाट आली होती. अनेक ठिकाणी शिकवण्याचा अर्थ एवढाच होता, की संकेतस्थळावर क्रम चिकटवायचा, बटण दाबायचं आणि आलेल्या उत्तराचं चित्र प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये लावायचं. संकेतस्थळ बदललं की शिकलेलं संपलं. आता तीच चूक नव्या नावानं होऊ नये. म्हणून पालकांना मी सांगतो, प्रवेश घेण्याआधी तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि वाचा. त्यात कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि संभाव्यता दिसतात का? एखादी संगणकभाषा नीट शिकवायला पुरेसा वेळ दिलाय का? आणि त्याच जोडीला अनुवंशशास्त्र, जीवरसायन, उत्क्रांती आणि हातात पिपेट धरून करायची प्रात्यक्षिकं आहेत का? यातली एक बाजू लंगडी दिसली, तर नाव कितीही झकपक असू दे, तिथं पैसे घालू नका. त्यापेक्षा साधं बीएस्सी संख्याशास्त्र किंवा साधं बीएस्सी जीवरसायन मन लावून करावं आणि दुसरी बाजू मायनरमधून (जोडविषयातून), बाहेरून भरून काढावी.

देशात दोन्ही बाजू सांभाळणाऱ्या जागा आहेत. आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांना सारखं वजन असतं आणि सुरुवातीच्या काळात तिथं चारही विषय शिकावे लागतात. दिल्लीच्या आयआयआयटीत कॉम्प्युटर सायन्स आणि बायोसायन्सेस अशी जोडीची बीटेक आहे. पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र ऐंशीच्या दशकापासून चालू आहे. ज्यांना जमेल त्यांनी जावं. पण भुदरगड, शाहूवाडी, राधानगरीतून एसटीनं येऊन शिकणाऱ्या मुलींपैकी दिल्लीला किती जाणार? त्यांच्यासाठी जे काही व्हायचं ते इथंच व्हायला हवं, आणि होण्यासारखं आहे, म्हणूनच हे सगळं लिहितोय.

शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, वनस्पतीशास्त्र, जीवरसायन, जैवतंत्रज्ञान हे अधिविभाग एका आवारात, चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. संलग्न कॉलेजांत बायोटेक्नॉलॉजी एन्टायर चालतं, कॉम्प्युटर सायन्स एन्टायर चालतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य विषयासोबत दुसरा जोडविषय घ्यायची, सोय केलीय. म्हणजे वनस्पतीशास्त्र मेजर आणि संख्याशास्त्र मायनर ही जोडी आता कागदावर अशक्य राहिलेली नाही. अडतं ते वेळापत्रकात. दोन्ही विषयांची प्रात्यक्षिकं एकाच वेळी लावलेली असतात. संख्याशास्त्राला बारावीचं गणित हवं, अशी अट पुढं येते. आणि शिकवायला माणूस नसतो. कायम जागा रिकाम्या, सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकाला तासाचे पैसे मिळतात, अशा स्थितीत दोन विभागांनी मिळून नवा पेपर बसवायचा उत्साह कुणी आणि कुठून आणायचा? सरकारनं पदं भरल्याशिवाय हे धोरण पुस्तकातच राहणार, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

तरीही काही गोष्टी पदभरतीची वाट न पाहता करता येतील. पीसीबीच्या मुलांसाठी पहिल्या सत्रात गणिताचा ब्रिज कोर्स घ्यावा. त्यातली उदाहरणं जीवाणूंच्या वाढीची, अनुवंशाची, औषध रक्तातून उतरण्याच्या वेगाची असावीत, म्हणजे घातांकी फलन म्हणजे काय हे त्यांना लगेच कळेल. बारावीच्या गणिताची अट त्या कोर्समध्ये पास होण्याशी जोडावी. संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवावी, कारण गावाकडच्या किती मुलींकडं स्वतःचा लॅपटॉप असतो हे आपल्याला माहीत आहे. खर्चाचं कारण इथं फारसं टिकत नाही. आर आणि पायथन या संगणकभाषा, लिनक्स ही संगणक प्रणाली, सगळं फुकट आहे. जीनबँक या खुल्या संग्रहातले डीएनएचे क्रम आणि प्रोटीन डेटा बँकेतल्या रचना घरबसल्या मोफत उतरवता येतात. फरिदाबादला २०२२ मध्ये आपल्या देशाचंही जैविक माहिती केंद्र सुरू झालंय. ज्या प्रयोगासाठी लाखो रुपयांचं यंत्र लागलं, त्याची कच्ची माहिती आज कागलच्या मुलीला आणि केंब्रिजच्या मुलाला एकाच वेळी, एकाच किमतीत मिळते. एरवी विज्ञानात अशी बरोबरी फार कमी ठिकाणी सापडते.

आणि प्रश्न आपल्या दारातलेच आहेत. कोल्हापुरात ऊस आणि गुळाचं संशोधन केंद्र आहे, त्याच्याकडच्या वाणांच्या चाचण्यांचे आकडे संख्याशास्त्राच्या मुलांनी का वापरू नयेत? पंढरपुरी म्हैस आपल्या भागातली. तिचं वंशवैविध्य किती उरलंय, हे गोठ्यागोठ्यातून माहिती घेऊन तपासण्यासारखं आहे. शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतली दुर्मिळ कंदीलपुष्पं हुडकण्याचं आणि जपण्याचं मोठं काम केलंय. त्या जातींची एकमेकींशी नाती डीएनएच्या क्रमांवरून जुळवायचा प्रकल्प बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला सहज पेलेल. दाजीपूरच्या जंगलातल्या गव्यांची संख्या कशी अदमासावी, हा तर सरळ संभाव्यतेचा प्रश्न. अशा कामात मुलं रमतात, कारण उत्तर कुठल्याच गाइडमध्ये छापलेलं नसतं.

नोकरीबद्दल पालकांना गोड बोलून फसवू नये. नुसत्या बीएस्सीवर या क्षेत्रात चांगली जागा मिळणं कठीण आहे. एमएस्सी, बहुतेक वेळा पीएचडी, आणि त्यासाठी पुणे, हैदराबाद, बंगळूर हे धरूनच चाला. कोल्हापूरच्या एमआयडीसीत ही नोकरी नाही. पण गणित आणि प्रोग्रॅमिंग पक्कं असलेल्या जीवशास्त्राच्या मुलीला औषध चाचण्यांची आकडेवारी, रोगनिदान, बियाणं कंपन्या, सार्वजनिक आरोग्य अशी बरीच दारं उघडी असतात. फक्त टूल्स शिकलेल्या मुलीला ती नसतात. कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं करून टाकेल, मग हे कशाला, असंही कुणी म्हणतं. अल्फाफोल्ड ज्या माहितीवर शिकलं, ती पन्नास वर्षं प्रयोगशाळांत बसून माणसांनी एकेक रचना सोडवून गोळा केलेली होती. आणि मशीननं दिलेल्या अंदाजावर कितपत विश्वास ठेवायचा हे ठरवायला पुन्हा वरचीच दोन्ही अंगं लागतात. वर सांगितलेली हजार खोट्या जनुकांची यादी आता नुसती जास्त झटपट तयार होईल.

१९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात पहिलं वसतिगृह काढलं आणि पुढं जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. मुलगा हुशार आहे पण शाळेपर्यंत पोचूच शकत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली होती. आजच्या पीसीबीच्या मुलीची अडचण त्याच जातीची आहे. ती वर्गात आहे, तिच्यासमोर संगणक आहे, आणि एका विषयावाचून ती अडलीय. अभ्यास मंडळांनी येत्या वर्षासाठी ब्रिज कोर्सचा एक ठराव करावा, दोन-तीन कॉलेजांनी वनस्पतीशास्त्र आणि संख्याशास्त्राची प्रात्यक्षिकं वेगवेगळ्या वेळी लावावीत. आणि अकरावीच्या मुलींच्या आईवडिलांनो, मुलगी स्वतःहून गणित ठेवते म्हणत असेल, तर तिला ते ठेवू द्या. नीटचा अभ्यास चार विषय ठेवूनही होतो.